बर्फ वगळून

आईनं रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरची माणसं होती तिथेच थांबली. बंदरावरचा धक्का, मागे करड्या रंगाचं पाणी, पुढे लांब कोटातला तो तपास अधिकारी तोंड अर्धवट उघडं टाकून उभा. धाकटी आतल्या खोलीत कामाला बसली होती. आवाज एकदम तुटला म्हणून ती बाहेर आली, तर आई खुर्चीतून उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेलेली की काचेला नाक लागेल. मागं वळून न बघता आईनं पडद्यावर बोट ठेवलं. कोटवाल्याच्या खांद्यामागून, मासळीच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या त्यांच्या पलीकडून, एक बाई चालली होती. हातात पिशवी, मान किंचित एका बाजूला कललेली, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. "ही ताई आहे," आई म्हणाली. गॅस संपलाय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली.

धाकटीला आधी हसू येणार होतं, पण आईच्या पाठीकडे पाहून तिनं ते आवरलं. आईच्या पाठीला अलीकडे पोक आलं होतं आणि बोट काचेवर टेकवताना ती टाचा उचलून उभी राहिली होती, फळीवरचा डबा काढताना उभी राहायची तशी. आई, ती परक्या देशातली मालिका आहे, धाकटी म्हणाली, रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा तिथं पैसे देऊन आणतात, चाला म्हटलं की ती चालतात. आई म्हणाली, असेल ना, ताईला कोणी चाला म्हटलं असेल. धाकटी बाईकडे बघत राहिली. मान कललेली होती हे खरं. ताईचा डावा कान लहानपणापासून अधू होता, त्यामुळे ती समोरच्याकडे उजवा कान पुढे करून ऐकायची, आणि पुढं पुढं कोणी बोलत नसलं तरी मान तशीच राहायला लागली. पण जगात मान कललेल्या बाया काय कमी असतात? सुतावरून स्वर्गाला जायचं म्हटलं तर कुठल्याही पडद्यावर कुठलीही बाई सापडते. हे सगळं धाकटीच्या मनात आलं आणि तरीही ती लगेच आत गेली नाही.

ताई एके दिवशी सकाळी चष्म्याच्या दुकानात कामावर जायला म्हणून घरातून निघाली आणि दुकानात पोचली नाही. एवढंच. या एवढ्यापुढे त्यांच्या घरात कोणालाही काहीही कळलं नव्हतं. धाकटी तेव्हा शाळेत होती. आता तिचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि वयानं ती ताईपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. थोरल्या बहिणीपेक्षा मोठं होण्यात काहीतरी चोरटं आहे असं तिला नेहमी वाटे, जणू रांगेत पुढे घुसलो आणि कोणी हटकलं नाही. ताईचं लग्न ठरायचं होतं, ताईला स्वतःचं चष्म्याचं दुकान काढायचं होतं, ताई घोरायची, ताई पावाच्या कडा काढून धाकटीच्या ताटात टाकायची. माणूस मेलं की या गोष्टी हळूहळू गोड होत जातात म्हणे. इथं त्या गोड झाल्या नाहीत, कडूही नाहीत. त्या तशाच राहिल्या, उघडंच राहिलेल्या पुस्तकाच्या पानासारख्या पिवळ्या पडत.

मालिकांचा नाद आईला बाबा गेल्यानंतर लागला आणि त्याला कारण धाकटीच होती. धाकटीचं काम परक्या भाषांतल्या मालिकांना पडद्यावर खाली येणारी मराठी अक्षरं लिहायचं. जगभरच्या खुनांच्या मालिका तिच्याकडे येत. थंड देशातल्या, जिथं दुपारीच अंधार पडतो आणि पोलीस शब्द मोजून बोलतात. बेटावरच्या, जिथं सगळे एकमेकांचे चुलतभाऊ निघतात. मोठ्या शहरांतल्या, जिथं तपास करणारीचा नवरा तिला सोडून गेलेला असतो आणि ती गाडीतच कपडे बदलते. कोणत्याही देशात गेलं तरी पहिल्या भागात कोणीतरी कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतं आणि कुत्रं भुंकायला लागतं. धाकटीला त्या कुत्र्यांची दया यायची. माणसं भराभरा बोलतात आणि वाचणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून तिचं निम्मं काम वगळायचंच होतं. माणसानं दहा शब्द बोलावेत, हिनं चार लिहावेत आणि अर्थाला धक्का लागू नये. एका वाक्यापाशी मात्र ती दर वेळी अडायची. दारावर दोन पोलीस येतात, टोप्या काढतात आणि आत बसलेल्या आईला बातमी सांगतात. त्यांच्या भाषांत त्यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं. आपल्यात हे कसं सांगतात? तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या दारावर टोपी काढून कोणी आलंच नव्हतं. ती दर वेळी वेगळं काहीतरी लिहायची आणि पुढं जायची.

काम करताना एकटी काय करतेस म्हणून आई तिच्यामागे येऊन बसायला लागली, आणि बघता बघता पुढं निघून गेली. परक्या माणसांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून तिनं सगळ्यांना आपली नावं दिली. कोटवाला, लंगडी, खोकला, दारुड्या, मांजरवाली. दारुड्या आज प्यायला नाही म्हणजे उद्या कोणीतरी मरणार, असं ती आधीच सांगायची. एका टुमदार खेड्यात दर आठवड्याला एक मुडदा पडायचा, तर आई म्हणायची, या गावात भाडेकरू येतात तरी कसे? गुन्हेगार कोण हे ओळखायचीही तिची एक रीत होती. जो सगळ्यात आधी धावत मदतीला येतो तो, असं ती म्हणायची, आणि दहातल्या सात वेळा ते खरं निघायचं. शेजारणी म्हणत, आईंना चांगला विरंगुळा मिळाला. धाकटीला तो विरंगुळा वाटला नाही. मालिका संपताना आईच्या चेहऱ्यावर काय येतं ते तिनं पाहिलं होतं. शेवटच्या भागात कोणीतरी सापडायचंच, जिवंत नाहीतर मेलेलं. आई त्यासाठी बसलेली असायची. दुसऱ्यांच्या मुली सापडताना बघत असायची.

बंदरावरच्या बाईला दोन दिवस झाले तेव्हा आईनं जेवताना विषय काढला. साहेबांना जाऊन सांग, ती म्हणाली. साहेब म्हणजे त्या वेळी ताईचा तपास ज्यांच्याकडे होता ते अधिकारी. धाकटी म्हणाली, आई, ते केव्हाच निवृत्त झाले असतील. आई म्हणाली, निवृत्त झालेलेच करतात. कोटवाला निवृत्तच होता, त्याला घरी येऊन बोलावून नेलं. जुनी केस कधी बंद होत नसते, तळघरात ठेवलेली असते, कोणीतरी जाऊन मागावी लागते. धाकटी म्हणाली, ते टीव्हीत. आईनं हातातला घास ताटात ठेवला.

"इतकी वर्षं आपण कोणी मागायलाच गेलो नाही," ती म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले, जाऊ नकोस, म्हणून मी गेले नाही. आता तू जा."

त्या बाईचं चित्र धाकटीनं स्वतःच्या यंत्रावर मोठं करून पाहिलं होतं, पण ते तिनं आईला सांगितलं नव्हतं. मोठं करत नेलं की चेहऱ्याचे चौकोन होत जायचे, आणखी मोठं केलं की नुसतेच चौकोन. लहान केलं की पुन्हा बाई. एका ठरावीक आकाराला, फार जवळ नाही फार लांब नाही, ती ताईसारखी दिसायची. तिथंच ती घाबरायची. ताई जिवंत असेल आणि कुठल्याशा परक्या बंदरावर पिशवी घेऊन चालत असेल, तर याचा अर्थ ताई आपल्याला टाकून गेली. तिला घराचा पत्ता पाठ होता, एक ओळ लिहायची होती, ती तिनं लिहिली नाही. म्हणजे ताई मेली असलेली बरी? हा प्रश्न धाकटीनं मनात पुरता होऊ दिला नाही, पण तो झालाच होता. ती अर्ध्या दिवसाची सुटी काढून गेली.

चौकीतला पोरसवदा हवालदार अदबीनं वागला. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. जुने कागद एका पावसाळ्यात छत गळून गेले, त्यातलं काही उरलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. ते सांगताना तो इतका ओशाळला की छत त्यानंच गळवलं होतं की काय असं वाटावं. साहेबांचा पत्ता मात्र त्याच्याकडे होता. दिवाळखोर मालकानं सोडलेल्या कापड गिरणीच्या मागं नवी घरं झाली होती, तिथं तिसऱ्या मजल्यावर ते राहत होते. लिफ्ट होती, पण तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. जिना चढताना धाकटीला साहेब आठवले. तेव्हा ते तरणेबांड होते, मिशा राखलेल्या. बाबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते, आणि ते समोरच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले होते की या वयात मुली जातात, येतील फिरून, तुम्ही घरी जा. मालिकांतल्या पोलिसांना झोप लागत नाही. मेलेल्या मुलीचा फोटो ते भिंतीला लावतात, तिच्याशी बोलतात, बायकामुलं सोडून तिच्यामागे जातात. त्या गोष्टी लिहिताना धाकटीला कधी कधी हेवा वाटायचा. आपल्या ताईसाठी एका रात्रीची तरी झोप कोणी घालवली असेल का?

दार साहेबांच्या पत्नीनं उघडलं. ठेंगणी, गोरी, हाताला पीठ लागलेलं. धाकटीनं ओळख सांगितली आणि ताईचं नाव घेतलं, तसं त्या बाईनं एकवार तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला आत घेतलं. खोलीत पडदे ओढलेले होते. साहेब आरामखुर्चीत बसले होते, मिशा काढलेल्या, गळ्याची कातडी सैल झालेली, गुडघ्यांवर शाल. समोर मालिका चालू होती. ती कोणती हे धाकटीला बघताक्षणीच कळलं, कारण खालची अक्षरं तिची होती. तिला जरा बरं वाटलं आणि त्याची लगेच लाजही वाटली. साहेबांनी बसा म्हटलं. धाकटीनं हळूहळू सगळं सांगितलं, चष्म्याचं दुकान, तो दिवस, बाबा. बंदरावरच्या बाईचं सांगावं की नाही, ती अजून ठरवत होती. साहेबांनी आवाज कमी केला आणि ते तिच्याकडे वळून बसले.

"आठवतंय की," ते म्हणाले. "ती मुलगी आम्हाला मिळाली होती. कालव्यात. फाटकाशी अडकली होती."

धाकटीला खोली थोडी खाली गेल्यासारखी वाटली. साहेब शांतपणे, एक एक शब्द ठेवल्यासारखा बोलत होते. पहाटे पाणी सोडणाऱ्या माणसाला दिसली. मी स्वतः गेलो होतो. पायात एकच चप्पल होती. अंगावर जखम नव्हती, पाय घसरला असावा, नाहीतर तिनं स्वतः उडी घेतली असावी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिथं तासभर उभा होतो, मला हलवेना. कालवा त्यांच्या शहराबाहेर होता खरा. लहानपणी त्या दोघी तिथं पोहायला शिकल्या होत्या. धाकटीनं डोळे मिटले. तिला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण किंचाळू, पडू, पण तिच्या छातीत इतकी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी अलगद सुटलं. तिला एक लांबलचक श्वास घेता आला, पार पोटापर्यंत. ताई मेली होती. ताई कुठं पिशवी घेऊन चालत नव्हती. ताईनं आपल्याला टाकलं नव्हतं. आणि या म्हाताऱ्या माणसाला तिथून हलवेना झालं होतं, तो तासभर उभा राहिला होता. उठून त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

"बर्फ फोडायला माणसं आणावी लागली," साहेब म्हणाले. "दोन पहारी मोडल्या."

धाकटीनं डोळे उघडले. त्यांच्या शहरात बर्फ दुकानातल्या पेटीत मिळायचा. स्वयंपाकघराच्या दारात साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नवऱ्याला दिसणार नाही अशी. मग त्या चहा घेऊन आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, तुमचं चाललंय ते बघा, यांना मी सोडते. साहेबांनी आज्ञाधारकपणे आवाज वाढवला. धाकटीनं चहा कसा संपवला ते तिला कळलं नाही. दाराबाहेर आल्यावर पत्नीनं दार अर्धं ओढून घेतलं. ते लंगडीचं हो, त्या हळू आवाजात म्हणाल्या, परवाच संपली ती मालिका, त्यात बर्फाखाली मुलगी असते. धाकटीला तोवर आठवलंच होतं. ती मालिका तिनं लिहिली नव्हती, कंपनीतल्या दुसऱ्या कोणीतरी लिहिली होती, पण आईबरोबर ती तिनं पाहिली होती. आईसुद्धा तिला लंगडीच म्हणायची. साहेबांचा विसर दोन वर्षांपूर्वी सुरू झाला, पत्नी सांगत होत्या. मुलांची नावं गेली, मग घराचा जिना गेला. नोकरीतलं तर काहीच राहिलं नाही. सुरुवातीला दिवसभर चिडायचे, काहीतरी अर्धं राहिलंय म्हणायचे, रात्री उठून बूट घालायचे. मग कोणीतरी सुचवलं म्हणून या मालिका लावायला लागलो.

"आता चिडत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांची एकही केस आता अर्धवट नाही."

मग त्यांनी धाकटीचा हात धरला. त्यांच्या हाताचं पीठ तिच्या मनगटाला लागलं. वाईट वाटून घेऊ नका, त्या म्हणाल्या, आणि पुन्हा येऊ नका.

धाकटी पायी निघाली. बस मिळाली असती, पण बसमध्ये बसून राहणं तिला शक्य नव्हतं. दुपार कलली होती. रस्त्याच्या कडेला पाइप टाकायला खणलेलं होतं आणि माणसं फळ्यांवरून तोल सांभाळत पलीकडे जात होती. ती फळीवर पाय ठेवायची, उतरायची, पुन्हा पुढची फळी. तिला राग यायला हवा होता असं तिला वाटत होतं. कुणावर यायचा? त्या म्हाताऱ्याला आपण काय बोललो हेही आता आठवत नसेल. राग येत नव्हता. तिला परत परत तोच श्वास आठवत होता. काही क्षण, चहा यायच्या आधीचे, ताई मेलेली होती आणि सगळं जागच्या जागी होतं. मग एका शब्दानं ताई पुन्हा नाहीशी झाली. पहिल्या वेळी ती नाहीशी झाली तेव्हा धाकटी लहान होती. या खेपेला जास्त लागलं. आणि आई? आईला सत्तरी उलटून गेली होती. काचेला नाक लावून ती दुसऱ्यांच्या मुली बघत होती, आता तर आपली मुलगीही त्यांच्यात शोधायला लागली होती. तिला तो एक श्वास मिळायला नको का? तो कुठून आला याची चौकशी कोण करणार आहे? चौकीतले कागद भिजून गेले, साहेबांचं डोकं भिजून गेलं. ओळी कापणं हे तर धाकटीचं रोजचंच काम. साहेब जे बोलले त्यातला एकच शब्द चुकीचा होता, तो काढला की बाकीचं उभं राहत होतं. घराची गल्ली येईपर्यंत तिनं बर्फ वगळला होता.

आई दाराशीच बसली होती. टीव्ही बंद होता. तिनं धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि केस विंचरलेले होते, कोणी येणार असल्यासारखं. धाकटी चपला काढून तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचा गुडघा धरून म्हणाली, आई, साहेबांना सगळं आठवतंय. ताई सापडली होती. कालव्यात, फाटकाशी. पाय घसरला असावा म्हणाले. अंगावर जखम नव्हती. इतकी वर्षं जे वाक्य तिला लिहिता आलं नव्हतं ते तिनं असं सांगून टाकलं, आणि त्यात काही अवघड नव्हतं.

आईचा गुडघा धाकटीच्या हाताखाली अगदी स्थिर होता. मग ती म्हणाली, म्हणजे पडद्यावरची ती नव्हेच. धाकटी नाही म्हणाली. आईनं मान हलवली. कधी सापडली, तिनं विचारलं. धाकटी म्हणाली, ती गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत. मग आपल्याला कसं कळवलं नाही, आईनं विचारलं. हा प्रश्न येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण धाकटीनं त्याचं उत्तर करून आणलं नव्हतं. ओळख पटायला वेळ लागला, ती म्हणाली. म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं की आपण नको तो शब्द वापरला. समोर बसलेल्या बाईनं जगातले सगळे खून पाहिले होते.

"म्हणजे पटली," आई म्हणाली. "कोणी पटवली?"

धाकटी म्हणाली, ते मी विचारलं नाही. आई म्हणाली, घरचंच माणूस लागतं. त्याशिवाय पुढं काही करता येत नाही, कुठल्याही देशात नाही. चादर बाजूला करतात आणि घरच्या माणसानं हो म्हणायचं असतं. मला कोणी बोलावलं नाही. तू शाळेत होतीस. आईचा आवाज शांत होता, कोटवाला शेवटच्या भागात सगळ्यांना एका खोलीत बसवून बोलतो तसा. धाकटीला पुढचं दिसलं. रस्त्यावर धावत निघालेलं पोर दिसावं आणि तोंडातून आवाज फुटू नये तसं झालं.

"ह्यांना बोलावलं असणार," आई म्हणाली. "डेपोत फोन होता."

मग आई बोलतच राहिली. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. ताई गेल्यानंतर एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती. गाडी रुतली होती म्हणाले. मी विचारलं नाही, आई म्हणाली, पण त्या वेळी पाऊस कुठं होता? त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर ते चौकीत कधी गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. तोवर रोज जात होते. मी म्हणायची, चला, विचारून येऊ, तर म्हणायचे, सांगायचं असेल तर येतील ते. वर्षही सरलं नव्हतं तेव्हा त्यांनी ताईची खाट डेपोतल्या कोणाला तरी देऊन टाकली. मी किती भांडले. ती आली तर कुठं झोपेल, मी म्हटलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. उत्तर कसं देतील? ती यायची नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं दाराला आतून कडी घातली नाही, आणि तो माणूस माझ्या शेजारी झोपत होता.

बाबा भिंतीवर होते, डेपोतल्या निरोप समारंभात काढलेल्या फोटोत, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर हार कधी काढायचा हे न कळल्यासारखं हसू. धाकटीला ते फार आवडायचे. ते कमी बोलायचे, आणि त्यांच्या हातांना ग्रीसचा वास यायचा, साबणानंही न जाणारा. लपवाछपवी करून, मनात काही दाबून जगणारा माणूस तो नव्हता. नव्हता ना? आई एक एक गोष्ट ठेवत होती आणि ती गोष्ट आधीच्या गोष्टीला नेमकी जाऊन बसत होती. खोट्या पायावर इतकी चपखल इमारत उभी राहताना धाकटीनं कधी पाहिली नव्हती, पडद्यावरसुद्धा नाही. आता गप्प बसलं तर आईला मुलगी मिळणार होती आणि नवरा जाणार होता. ती उठून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. साहेबांना विसर पडलाय. त्यांना स्वतःच्या पोरांची नावं आठवत नाहीत. ते जे म्हणाले ते लंगडीच्या मालिकेतलं होतं, बर्फाखालची मुलगी, तू पाहिलीयस ती. त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. बर्फाचं मी तुला सांगितलं नाही. बाबांना काहीही माहीत नव्हतं, आई, कोणालाच काही माहीत नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. आईनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

"आता तू त्यांना वाचवू नकोस," आई म्हणाली.

त्यात राग नव्हता. साहेबांची बायको असंच म्हणणार, ती पुढं म्हणाली, तिच्या नवऱ्यानं लपवलं, ती दुसरं काय म्हणेल? कालवा आपल्या गावात आहे की नाही? मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. ताई गेल्यापासून धाकटीनं तिला ताईसाठी रडताना पाहिलं नव्हतं. रडणं म्हणजे मान्य करणं, असं आई म्हणायची. आज तिचं सगळं अंग हलत होतं. मध्येच ती ताईला लहानपणच्या नावानं हाक मारत होती, गार पाण्यात पडलं गं माझं लेकरू, म्हणत होती. धाकटी तिच्यामागे उभी राहिली आणि तिच्या पोक आलेल्या पाठीवर तिनं हात ठेवला. त्या संध्याकाळी न्हाणीघरात बाबा खाली मान घालून बसले होते, पँट स्वतःच्या हातानं धूत होते, नळ बराच वेळ चालू होता, आणि शाळेचा अभ्यास करत बसलेल्या धाकटीला ते अर्ध्या उघड्या दारातून दिसत होते. हे तिनं खरंच पाहिलं होतं, की आत्ताच तिला दिसलं, ते तिला काही केल्या सांगता येईना.